पिंपल्ससाठी अँटिबायोटिकच्या गोळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात त्वचारोगाची ओपीडी चालवताना दिवसातून पाच-सहा वेळा मी तेच ते बोलत असते. शेजारच्या मेडिकलवाल्याला आता माझी वाक्यं पाठ झाली असतील. म्हणून एकदा सगळं लिहून काढलं. ज्यांच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी आहे आणि डोक्यात शंका आहेत, त्यांच्यासाठी हे आहे. हे वाचून आपलं आपण गोळी सुरू करायची नाही, एवढं आधीच सांगते.

मला इन्फेक्शन झालंय का? नसेल, तर अँटिबायोटिक कशाला?

ज्याला आपण इन्फेक्शन म्हणतो, तसं काही झालेलं नाही. पिंपल्स एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. हॉस्टेलमधल्या रूममेटचा टॉवेल वापरल्याने तुम्हाला ते आलेले नाहीत.

होतं असं. वयात येताना हॉर्मोन्समुळे त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडायला लागतात. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटून बूच बसतं. हे झाले ब्लॅकहेड आणि व्हाइटहेड. आत तेल तुंबतं, हवा पोचत नाही, आणि अशा जागी क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचा जिवाणू मजेत वाढतो. तो तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्याच त्वचेवर असतो. तो वाढला की शरीर त्याच्यावर धावून जातं, सूज येते, लाल होतं, पू होतो.

नाला तुंबला, डास झाले, की महापालिकेची माणसं धूर फवारून जातात. डास कमी होतात, पण नाला तुंबलेलाच राहतो. अँटिबायोटिकची गोळी ही ती फवारणी आहे. नाला साफ करायचं काम क्रीमचं. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढची बरीच उत्तरं त्यातच आहेत.

एक गोष्ट मात्र फवारणीपेक्षा वेगळी आहे. पिंपल्ससाठी बहुतेक वेळा जी गोळी देतात ती डॉक्सिसायक्लिन. तिच्या घराण्यातली औषधं जिवाणूंची वाढ तर रोखतातच, शिवाय सूजही उतरवतात. रोझेशिया नावाच्या आजारात डॉक्सिसायक्लिनचा ४० मिलिग्रॅमचा हळूहळू विरघळणारा डोस देतात. त्याने जिवाणूंना फारसं काही होत नाही, लाली मात्र कमी होते.

माझ्या मैत्रिणीला गोळ्या दिल्या, मला नुसतं जेल. असं का?

कारण तिचे पिंपल्स आणि तुमचे पिंपल्स वेगळे आहेत. फक्त ब्लॅकहेड-व्हाइटहेड असतील, तर गोळीचा उपयोग नाही. काळे डाग राहिलेत किंवा खड्डे पडलेत, त्यावरही नाही. गोळी लागते ती लाल, दुखरे, पू भरलेले फोड बरेच असतील तेव्हा. छाती-पाठ भरली असेल तेव्हाही, कारण पाठीवर रोज जेल लावून देणारं माणूस प्रत्येकाच्या घरी नसतं. आणि फोड बसताना खड्डा पडतोय असं दिसलं, तर थांबण्यात अर्थ नसतो.

दीड महिन्यावर लग्न आलंय म्हणून गोळी मागायला येणारे दर दिवाळीनंतर असतात. त्यांचं मन राखायला मला आवडेल, पण दीड महिन्यात जेमतेम सुरुवात होते.

कोणती गोळी सगळ्यात चांगली?

पहिली निवड बहुतेक वेळा डॉक्सिसायक्लिन. साधारण दिवसाला १०० मिलिग्रॅम, कधी ५०. जुनं औषध आहे, १९६०च्या दशकापासून वापरात आहे, त्यामुळे त्याचे गुण आणि खोड्या दोन्ही नीट माहीत आहेत.

मिनोसायक्लिन त्याच घराण्यातलं. कामाला डॉक्सिसायक्लिनइतकंच, पण त्याचे दुर्मीळ त्रास जास्त काळजीचे. काहींना चक्कर येते, डोकं गरगरतं. बरेच महिने घेतलं तर जुन्या व्रणांवर, हिरड्यांवर, नडगीवर निळसर-करडी छटा येऊ शकते आणि ती लवकर जात नाही. क्वचित यकृताला सूज येते किंवा सांधे धरतात. म्हणून मी ते पहिल्यांदा लिहीत नाही. दुसरे डॉक्टर लिहीत असतील, त्यांची कारणं त्यांना विचारा.

अ‍ॅझिथ्रोमायसिन आपल्याकडे फार चालतं. ते शरीरात बराच काळ टिकतं, म्हणून आठवड्यातून तीन दिवस ५०० मिलिग्रॅम अशा पद्धतीने देतात. 'आठवड्यातून तीनच गोळ्या' हे ऐकायला सगळ्यांना बरं वाटतं. पण घसादुखीपासून टायफॉइडपर्यंत ज्या औषधाचा आधार आहे, ते चेहऱ्यासाठी महिनोन्‌महिने खाणं मला पटत नाही. डॉक्सिसायक्लिन देता येत नसेल, तेव्हाच मी त्याच्याकडे वळते. हृदयाच्या ठोक्यांचा काही त्रास असेल किंवा घरात कोणाला असेल, तर अ‍ॅझिथ्रोमायसिन घेण्याआधी ते सांगायलाच हवं.

फरक कधी दिसेल?

चार ते सहा आठवड्यांनी सुरुवात. खरा अंदाज दोन-तीन महिन्यांनी येतो. आठव्या दिवशी आरशासमोर उभं राहून फोड मोजू नका. महिन्यातून एकदा, खिडकीपाशी, सकाळच्याच उजेडात फोटो काढा आणि तेवढेच ताडून बघा.

कोर्स किती दिवसांचा?

तीन महिने, फार तर चार. जगभरच्या त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला आता याच्याच आसपास आहे.

मी पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर गोळी थांबवायची तारीख लिहिते. पेशंट चमकतात. 'बरं वाटलं नाही तरी थांबवायची?' हो. बरं वाटलं नाही तर या गोळीने पुढेही वाटणार नाही, मग दुसरं काही बघायला हवं. बरं वाटलं, तर तिचं काम झालं. दोन्हीकडून थांबायचंच आहे.

हे लिहायला लागले त्याला कारण आहे. एक मुलगा फाइल घेऊन आला होता. हिंजवडीत नोकरी, दोन वर्षं अधूनमधून अ‍ॅझिथ्रोमायसिन चालू. सुरुवातीची चिठ्ठी एकच, तीही तीन महिन्यांची. पुढे दर वेळी चार फोड आले की मेडिकलमध्ये जुनी चिठ्ठी दाखवायची आणि स्ट्रिप घ्यायची. त्याच्या मते तो उपचार घेत होता. चेहरा होता तसाच होता आणि त्या दोन वर्षांत गालावर खड्डे पडत गेले. दोष एकट्या त्याचा नाही. थांबायचं कधी, हे चिठ्ठीवर कुणी लिहिलंच नव्हतं.

गोळी चालू आहे ना, मग वर क्रीम कशाला?

नाला आठवा.

अ‍ॅडापलीनसारखं रेटिनॉइड जेल छिद्रातलं बूच बसू देत नाही. बेन्झॉइल पेरॉक्साइड जिवाणू मारतं, पण अशा रीतीने की त्याला जिवाणू सरावत नाहीत. म्हणून ते गोळीसोबत असलं की गोळीला न जुमानणारे जिवाणूही आटोक्यात राहतात. गोळी तीन महिन्यांनी जाते, क्रीम पुढे चालू राहतं. क्रीमला जम बसायला जो वेळ लागतो, तेवढ्यापुरती गोळी असते.

नुसती गोळी, सोबत काहीच नाही, असं लिहून मिळालं तर डॉक्टरांना कारण विचारा. आणि गोळीसोबत लावायलाही अँटिबायोटिकचंच, म्हणजे नुसतं क्लिंडामायसिनचं जेल दिलं असेल, तर तेही विचारा. दोन दोन फवारण्या आणि साफसफाई शून्य.

बेन्झॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग उडवतं. रंगीत टॉवेल, उशीचे अभ्रे, आईची ओढणी, सगळ्यावर फिकट डाग पडतात आणि ते धुऊन जात नाहीत. पांढरा पंचा वापरा. या एका कारणावरून घरात झालेली भांडणं माझ्यापर्यंत आलेली आहेत.

डॉक्सिसायक्लिन घ्यायची कशी?

जेवणानंतर किंवा भरपेट नाश्त्यानंतर, बसून किंवा उभ्याने, पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर. त्यानंतर निदान अर्धा-पाऊण तास आडवं व्हायचं नाही.

हे डॉक्टर उगाच सांगत नाहीत. सदाशिव पेठेत राहून एमपीएससीचा अभ्यास करणारा एक जण रात्री दीडला अभ्यासिकेतून खोलीवर यायचा, बाटलीतला एक घोट घेऊन कॅप्सूल गिळायचा आणि तसाच झोपायचा. चौथ्या दिवशी घास उतरताना छातीत इतकं दुखायला लागलं, की त्याला वाटलं हार्टचं काही आहे. हार्टचं काही नव्हतं. कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून तिथेच विरघळली होती आणि आतून जखम झाली होती. गोळी थांबवल्यावर काही दिवसांत बरा झाला. तेव्हापासून मी ही गोळी रात्री झोपताना लिहीत नाही. दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणाला जोडून देते.

दूध, दही, उपवास?

कॅल्शियम आणि लोह या औषधाला पोटातच धरून ठेवतात, मग ते रक्तात कमी जातं. दुधाने थोडं कमी, लोहाच्या गोळीने बरंच. त्यामुळे ग्लासभर दुधाबरोबर गोळी घेऊ नका. जेवणात वाटीभर दही किंवा ताक आलं, तर घाबरायचं कारण नाही. हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, झिंक असलेलं मल्टिव्हिटॅमिन किंवा पित्तासाठीचं पातळ औषध चालू असेल, तर मध्ये तीन तासांचं अंतर ठेवा. कॉलेजच्या मुलींमध्ये लोह आणि डॉक्सिसायक्लिन एकत्र गिळण्याची चूक मला सारखी दिसते. दोन्ही चिठ्ठ्या वेगळ्या डॉक्टरांच्या, डबा एकच.

उपवास असेल तर साबुदाण्याची खिचडी खाऊन घ्या, चालेल. निर्जळी असेल तर त्या दिवशी गोळी नको. रिकाम्या पोटी डॉक्सिसायक्लिन घेतली की मळमळ ठरलेलीच, काहींना उलटीही होते.

उन्हाचं काय? मी तर स्कूटरवर असते.

पुण्यात हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि विचारतात सगळ्यात कमी.

डॉक्सिसायक्लिन चालू असताना त्वचा उन्हाला नाजूक होते. एरवी जेवढ्या उन्हाने काही झालं नसतं, तेवढ्याने आधी चुरचुर होते, मग भाजल्यासारखं लाल होतं. नाक, गालांची वरची बाजू, मान आणि हातांची पालथी बाजू ही नेमकी ठिकाणं. क्वचित नखं मुळापासून सुटायला लागतात. डोस जास्त तसा हा त्रास जास्त.

पुण्यातल्या मुलींची या बाबतीत आधीच निम्मी तयारी असते. डोळे सोडून सगळं झाकणारा स्कार्फ आणि सनकोट याची बाहेरगावचे लोक थट्टा करतात. करू देत. या गोळीवर असताना तोच पोशाख कामाचा आहे. अडचण दोन ठिकाणी येते. स्कार्फ खूप घट्ट बांधला आणि आठवडाभर धुतलाच नाही, तर घाम आणि घर्षणाने हनुवटीवर नवे फोड येतात. सुती, सैल आणि रोज धुतलेला स्कार्फ वापरा. दुसरं म्हणजे हात. हँडलवरचे हात सिग्नलला उन्हात तसेच उघडे असतात. मुलांचं तर विचारूच नका, हेल्मेट घातलं तर घातलं, हातमोजे कुठले! मे महिन्यात मनगटापर्यंत लाल झालेले हात घेऊन येणारे बहुतेक मुलगेच असतात.

एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं सनस्क्रीन घ्या. पाकिटावर युव्हीए संरक्षणाचा उल्लेख हवा, कारण या औषधाचं वाकडं मुख्यतः उन्हातल्या युव्हीए किरणांशी आहे. ते किरण ढगांतूनही येतात, त्यामुळे पावसाळ्यात सूट नाही. तेलकट त्वचेसाठी जेलसारखं सनस्क्रीन मिळतं, तेच घ्या.

सिंहगड चढायचा तर पहाटे चढा आणि ऊन तापायच्या आत खाली या. पालखीबरोबर दिवे घाट चालणार असाल, तर आधी मला विचारा. दिवसभर उघड्यावर चालायचं असतं, सावली नसते. अशा वेळी काय करायचं ते आधी ठरवता येतं. परत आल्यावर भाजलेला चेहरा दाखवून फारसं काही साधत नाही.

आणखी कोणते त्रास होऊ शकतात?

पोट बिघडणं सगळ्यात सर्रास. मळमळ, थोडे जुलाब. गोळी आपलं-परकं ओळखत नाही, पोटातले उपयोगी जिवाणूही तिच्या तावडीत सापडतात. मुलींना योनिमार्गात खाज आणि दह्यासारखा पांढरा स्राव होऊ शकतो. ती बुरशी आहे, सोपा उपचार आहे. पण लाजेने महिनाभर सांगत नाहीत आणि गुपचूप गोळी बंद करतात.

आता थांबायलाच हवं असे त्रास. डोकं सतत दुखतंय, आडवं झालं की वाढतंय, सोबत धूसर किंवा एकाचं दोन दिसतंय, तर गोळी लगेच बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. क्वचित या औषधाने कवटीतला दाब वाढतो आणि त्याने नजरेला धोका असतो. याच कारणासाठी आयसोट्रेटिनोइन (हट्टी पिंपल्ससाठीचं दुसरं औषध) आणि डॉक्सिसायक्लिन एकत्र देत नाहीत. अंगभर पुरळ आणि ताप, चेहऱ्यावर सूज, श्वास अडकणं, डोळे-लघवी पिवळी होणं, पाण्यासारखे जुलाब आणि त्यात रक्त, यातलं काहीही असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

या गोळ्या उष्ण पडतात का? आंबे बंद करू?

'उष्ण पडली' म्हणून पेशंट जे सांगतात, ते नीट विचारलं तर बहुतेक वेळा पित्त, तोंड येणं किंवा उन्हाने आलेली लाली निघते. तिन्ही खरे त्रास आहेत आणि तिन्हींवर उपाय आहे, म्हणून नुसतं 'उष्ण' म्हणून सोडून देऊ नका, नेमकं सांगा. आंबा बंद करायची गरज नाही. साखर-मैद्याचं खूप खाणं आणि काहींच्या बाबतीत दूध, यांचा पिंपल्सशी संबंध दिसतो. आमरस साखर न घालता खा. एवढीच माझी अट.

गरोदर असताना किंवा बाळ अंगावर पीत असताना?

डॉक्सिसायक्लिन आणि मिनोसायक्लिन गरोदरपणात नको. बाळाच्या दातांचा रंग बिघडतो, हाडांवरही परिणाम होतो. याच कारणाने आठ वर्षांखालच्या मुलांना पिंपल्ससाठी ही औषधं देत नाहीत. दिवस राहण्याचा विचार चालू असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर आधीच सांगा. गर्भनिरोधक गोळ्या या अँटिबायोटिक्समुळे निकामी होतात हा समज जुना आहे. तसं होत नाही. मात्र उलट्या-जुलाब झाले, तर ती गर्भनिरोधक गोळी पोटात राहिली नसेल, एवढं लक्षात घ्या.

कोर्स संपला, पण चार फोड परत आले. मेडिकलमधून तीच स्ट्रिप आणू?

नको. पाकिटावरची उभी लाल रेघ बघितली आहे? ती रेघ असलेलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं. २०१६ साली केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने या लाल रेघेची मोहीमही काढली होती. रेघ सगळ्यांच्या घरात आहे, अर्थ थोड्यांनाच ठाऊक.

अर्धवट, वारंवार घेतलेल्या अँटिबायोटिकने कमजोर जिवाणू मरतात आणि दांडगे उरतात. हे फक्त पिंपल्सच्या जिवाणूचं होत नाही. घशातले, आतड्यातले, त्वचेवरचे सगळेच त्या गोळीशी झुंजायला शिकतात आणि घरातल्या इतरांकडेही जातात. डॉक्सिसायक्लिन म्हणजे काही चेहऱ्याची गोळी नव्हे. भातखाचरात काम करणाऱ्याला लेप्टोस्पायरोसिस झाला, गोचिडीसारख्या किड्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस झाला, तर हेच औषध जीव वाचवतं. मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून चालणाऱ्यांना लेप्टोपासून बचाव म्हणून देतात तेही हेच.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, तेव्हा देशात पेनिसिलीन बनणं हीच केवढी मोठी गोष्ट होती. त्याच गावात आज अँटिबायोटिक फेसवॉशसारखं उचलून आणतात.

गोळी घेऊनही वाढले. आता?

आधी बघायचं की हे पिंपल्सच आहेत का. कपाळावर, छातीवर, पाठीवर एकाच मापाचे बारीक दाणे, खूप खाज, आणि गोळी सुरू केल्यापासून जास्त, असं असेल तर ती केसांच्या मुळांतली बुरशी असू शकते. अँटिबायोटिकने ती वाढते. तिचं औषध वेगळं.

दुसरा संशय बॅगेतल्या ट्यूबवर. 'गोरं करणारी' किंवा 'खाजेची' म्हणून मैत्रिणीने दिलेल्या क्रीममध्ये स्टिरॉइड असतं, त्याने फोड येतातच. ती ट्यूब घेऊन या, लपवू नका, मी रागावत नाही. थोडीशी रागावते. जिममधली प्रोटीन पावडर आणि इंजेक्शनं, केसांना चोपडलेलं तेल कपाळावर उतरणं, हेही विचारते.

पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस, जबड्याच्या कडेने फोड, असं चित्र असेल तर हॉर्मोन्स तपासावे लागतात आणि उपचार त्या दिशेने जातो. आणि खोल गाठी, खड्डे पडत जाणं थांबतच नसेल, तर आयसोट्रेटिनोइनचा विचार करायचा. त्याचे नियम कडक आहेत. गरोदरपणात ते अजिबात चालत नाही. पण एकामागून एक अँटिबायोटिकचे कोर्स लादत बसण्यापेक्षा ते वेळेवर दिलेलं बरं.

एक दिवस गोळी विसरले तर?

आठवली की घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्या. दोन एकदम नको.

सहा कॅप्सूल उरल्यात. ठेवून देऊ? धाकट्या भावालाही फोड यायला लागलेत.

ठेवू नका, भावाला तर नकोच. त्याचं वय, त्याचे फोड, त्याचं वजन, सगळं वेगळं. शिवाय डॉक्सिसायक्लिनच्याच घराण्यातल्या टेट्रासायक्लिनच्या, मुदत संपून खराब झालेल्या जुन्या गोळ्यांनी मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणं आहेत, त्यामुळे हे घराणं कपाटात साठवायचं नसतं. स्ट्रिप घेऊन या, आपण बघू. भावालाही सोबत आणा, आणि येताना त्याच्या कपाळावरचं तेल पुसायला सांगा.